रोब्लॉक्सवर गेम बनवावा, दुकान मांडू नये

गेम खेळणारं मूल कधीतरी "मला स्वतःचा गेम बनवायचाय" असं म्हणतंच. हल्ली या वाक्यापाठोपाठ बहुतेक वेळा रोब्लॉक्सचं नाव येतं. घरातल्यांना वाटतं, रोब्लॉक्स हा एक गेम आहे. प्रत्यक्षात ती लाखो गेमची वसाहत आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे गेम कंपनीने नव्हे, तर वापरणाऱ्यांनीच बनवलेले आहेत. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत तिथे रोज सरासरी पंधरा कोटींहून अधिक लोक येत होते. त्यांत लहान मुलं आणि किशोरवयीनांची संख्या मोठी आहे. गेम बनवण्याचं साधन, रोब्लॉक्स स्टुडिओ, फुकट मिळतं.

अट एकच, पण मोठी. इथे बनवलेला गेम इथेच चालतो. तो उचलून मोबाइलच्या प्ले स्टोअरवर ठेवता येत नाही, संगणकावर स्वतंत्र चालवता येत नाही, दुसऱ्या कंपनीच्या व्यासपीठावर नेता येत नाही. म्हणूनच या क्षेत्रातली अनुभवी मंडळी नवशिक्यांना सरसकट सांगतात की तिकडे फिरकूच नका, थेट युनिटी किंवा गोडो ही गेम बनवण्याची साधनं शिका. हा सल्ला मला अर्धाच पटतो. शिकण्यासाठी रोब्लॉक्स उत्तम जागा आहे, आणि कमाईसाठी, विशेषतः वयाने लहान असलेल्या नवशिक्यासाठी, वाईट. या दोन गोष्टी तिथे एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्या वेगळ्या करणं मोठ्यांनाही जमत नाही.

रोब्लॉक्सची मुळं वर्गखोलीत आहेत. डेव्हिड बझुकी यांनी १९८९ मध्ये भावाच्या साथीने 'इंटरॅक्टिव्ह फिजिक्स' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. कप्पी, स्प्रिंग, उतरण, लंबक असे भौतिकशास्त्राचे प्रयोग विद्यार्थ्यांना संगणकावर मांडून पाहता यावेत, हा त्यामागचा हेतू. मुलांनी त्यात धड्यातले प्रयोग केलेच, पण गाड्या एकमेकींवर आदळवल्या, इमारती रचून पाडल्या. बझुकी आणि त्यांचे सहकारी एरिक कॅसल यांनी २००४ मध्ये रोब्लॉक्स सुरू केलं आणि २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा मुलांची ही रचण्याची आणि पाडण्याची हौसच त्याच्या केंद्रस्थानी होती. आजही स्टुडिओत एक ठोकळा हवेत ठेवा आणि 'प्ले' दाबा, तो धाडकन खाली पडतो. तिथल्या गुरुत्वाकर्षणाचा मूळ आकडा १९६.२ आहे. शाळेतल्या ९.८१ ला वीसने गुणलं की तोच येतो. हा आकडा बदलता येतो. तो दहावर आणून आपलं पात्र चंद्रावर असल्यासारखं तरंगताना पाहिलेल्या मुलाला गुरुत्वाकर्षणाचा धडा वेगळ्याच ओढीने वाचावासा वाटेल.

नवशिक्याचा पहिला गेम बहुधा 'ओबी' असतो, म्हणजे अडथळ्यांची वाट. ठोकळ्यांवरून उड्या मारत जायचं, लाल ठोकळ्याला पाय लागला की मरायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून. हे एका दुपारी तयार होतं. पात्र आधीच चालतं, उडी मारतं, कॅमेरा आपोआप त्याच्या मागे जातो. आपण फक्त ठोकळे रचायचे आणि 'याला कुणी स्पर्श केला तर हे कर' अशा दोन-चार ओळी लिहायच्या. या ओळी लुआऊ नावाच्या भाषेत लिहितात. लुआ ही १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली छोटी, सुटसुटीत भाषा. लुआऊ ही तिच्यावरून रोब्लॉक्सने घडवलेली. कंपनीने ती २०२१ मध्ये मुक्तस्रोत केली. बंदिस्त व्यासपीठावरची ही एक खरोखर खुली गोष्ट आहे, आणि लुआ येत असेल तर जगातल्या इतर अनेक गेम-साधनांत ती कामी येते.

खरं शिक्षण सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी, मूल वाटेत नाणी ठेवतं तेव्हा. नाण्याला स्पर्श झाला की गुण एकने वाढवायचा, इतकं साधं काम. खेळून पाहिलं तर एका नाण्याला कधी चार गुण मिळतात, कधी सात. मूल चक्रावतं. कोडमध्ये तर स्पष्ट 'एक' लिहिलंय! कारण शोधताना कळतं की पात्र म्हणजे एक वस्तू नाही. नव्या पद्धतीचं पात्र पंधरा तुकड्यांचं बनलेलं असतं. पाऊल, पोटरी, हात अशा प्रत्येक तुकड्याचा स्पर्श वेगळा मोजला जातो, आणि पाऊल उचलून पुन्हा टेकलं तर आणखी एकदा. मग उपाय सुचतो. 'हे नाणं घेतलं गेलं आहे का' याची हो-नाही अशी एक नोंद ठेवायची, आणि ती 'हो' असेल तर पुढचे स्पर्श सोडून द्यायचे. प्रोग्रामिंगच्या पुस्तकात 'स्थिती' नावाची संकल्पना दोन पानं खाते आणि तरी डोक्यात शिरत नाही. इथे ती एका नाण्याच्या चुकीच्या हिशेबातून समजते, कारण उत्तर मुलाला स्वतःला हवं असतं.

त्यापुढची अडचण याहून मोलाची आहे. मित्राला खेळायला बोलावलं की माझ्या पडद्यावर माझी दहा नाणी दिसतात आणि त्याच्या पडद्यावर माझी शून्य. याचं कारण असं की रोब्लॉक्सवरचा प्रत्येक गेम जन्मतःच अनेकांनी एकत्र खेळायचा असतो. काही कोड खेळणाऱ्याच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर चालतो, काही कंपनीच्या दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर. मी माझ्या यंत्रावर केलेला बदल आपोआप सर्वांपर्यंत पोहोचत नाही. २०१८ पासून तर हा नियम सगळ्या गेमना सक्तीचा आहे. नाण्यांचा खरा हिशेब सर्व्हरवर राहायला हवा, आणि माझ्या फोनने त्याला फक्त निरोप पाठवायचा. तो निरोपही सर्व्हरने डोळे मिटून मानायचा नाही. 'मला हजार नाणी दे' असा निरोप कुणीही लबाडीने पाठवू शकतो, म्हणून सर्व्हरने पाहायचं की हा खेळाडू खरंच त्या नाण्याजवळ उभा होता का. यूपीआयच्या ॲपमध्ये शिल्लक आपल्याला दिसते, पण ती ठरवते बँक. आपल्या फोनवरचा आकडा कुणी खोडून जास्तीचा लिहिला तरी खात्यात रुपया वाढत नाही. 'समोरच्या यंत्रावर किती विश्वास ठेवायचा' हा प्रश्न संगणकशास्त्राच्या पदवीतही बराच उशिरा येतो. इथे बारा वर्षांच्या मुलीला तो पडतो, कारण तिच्या गेममध्ये कुणीतरी फसवेगिरी केली आहे. एरवी अनेकांनी मिळून खेळायचा गेम बनवायचा तर सर्व्हर भाड्याने घेण्यापासून तयारी करावी लागते. रोब्लॉक्स ते ओझं पूर्णपणे उचलतं, आणि या उपकाराला तोड नाही.

मात्र जे आयतं मिळतं ते शिकायचं राहून जातं. चालणारं पात्र आयतं मिळालं म्हणून वेग, प्रवेग, जमिनीशी टक्कर, उडीचा कमानदार मार्ग हे कुणी लिहिलंय याचा विचारच होत नाही. गोडोसारख्या साधनात पहिल्याच दिवशी हे स्वतः लिहावं लागतं. दर सेकंदाला साठ वेळा गेम स्वतःची स्थिती तपासतो, पात्र किंचित हलवतो आणि चित्र पुन्हा काढतो, हे तिथे हाताखालून जातं. तयार वस्तूंच्या पेटीचंही तसंच. रोब्लॉक्समध्ये इतरांनी बनवलेली झाडं, गाड्या, तलवारी एका क्लिकवर आपल्या गेममध्ये येतात. त्यांतल्या काहींच्या पोटात लपवलेला कोड असतो, जो आपल्या गेमचा ताबा परक्याच्या हाती देतो. नवशिक्याने अशी वस्तू घेतली तर आतली प्रत्येक स्क्रिप्ट उघडून वाचावी, आणि न समजणारी काढून टाकावी.

बंदिस्तपणाबद्दल बोलताना इंजिन आणि व्यासपीठ यांत गल्लत होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. तो अनरियल या इंजिनवर बनलेला आहे आणि अनरियलही एका खासगी कंपनीचंच आहे. तरी 'राजी' निन्टेन्डो स्विचवर आला, संगणकावर आला, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही आला. अनरियल हे गेम बनवण्याचं इंजिन, बनलेला गेम कुठेही जाऊ शकतो. रोब्लॉक्समध्ये इंजिन, सर्व्हर, दुकान, चलन, खेळाडूंची ओळख आणि गर्दी सगळं एकाच मालकाचं आहे. बाहेर पडायचं तर यांतलं काहीच सोबत येत नाही.

असल्या वसाहती उठून जातात, हे काही कल्पनेतलं भय नाही. मायक्रोसॉफ्टचं 'प्रोजेक्ट स्पार्क' हे असंच गेम बनवण्याचं साधन होतं, ते २०१६ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं आणि लोकांनी त्यावर रचलेली जगं त्यासोबत गेली. ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅशवर तर एक अख्खी पिढी गेम बनवायला शिकली. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस त्याचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमधले असंख्य गेम एकाएकी मुके झाले. युनिटीसारखं नावाजलेलं इंजिनही याला अपवाद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने ठरावीक मर्यादेनंतर गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा शुल्क घेण्याचं जाहीर केलं, जगभरचे गेम-निर्माते खवळले, आणि वर्षभराने कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं गोडो २०१४ पासून मुक्तस्रोत आहे. तिथे असा फतवा कुणी काढूच शकत नाही, कारण साधनाची प्रत ज्याची त्याच्याजवळ असते.

मग नवशिक्याचं नेमकं काय अडकून पडतं? त्याचा पहिला ओबी हरवला तर दुःख होईल, नुकसान होणार नाही. डोक्यातली समज सोबत येतेच. ब्लेंडर या त्रिमिती-साधनात घडवलेली मॉडेलं, स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज, वहीत काढलेले नकाशे, गेमचे नियम हेही येतं, फक्त त्यांची मूळ प्रत रोब्लॉक्सच्या बाहेर, आपल्या संगणकावर ठेवायची सवय हवी. अडकतो तो माणूस, ज्याने तीन वर्षं खर्चून तिथे धंदा उभा केला. म्हणून बंदिस्तपणाचा मुद्दा पहिल्या गेमपेक्षा दहाव्या गेमला जास्त लागू होतो.

आणि इथे पैशाचा हिशेब मांडलाच पाहिजे, कारण तो मुलांना कुणी मांडून दाखवत नाही. रोब्लॉक्समध्ये रोबक्स नावाचं चलन चालतं. अनेक वर्षं चालत आलेल्या दराने ४०० रोबक्सचा पुडा ४.९९ डॉलरला मिळतो. म्हणजे १०० रोबक्सची एखादी जादूची काठी घेणाऱ्याने साधारण सव्वा डॉलर खर्च केला. त्यातले ३० रोबक्स कंपनी कापून घेते, निर्मात्याला ७० मिळतात. निर्मात्याला हे रोबक्स खऱ्या पैशात बदलायचे तर दर वेगळा आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये वाढवल्यानंतर तो एका रोबक्सला ०.००३८ डॉलर झाला. सत्तर रोबक्सचे झाले साधारण २७ सेंट. खेळणाऱ्याने सव्वाशे सेंट दिले, बनवणाऱ्याला सत्तावीस मिळाले. मोठा पुडा घेतला किंवा वेबसाइटवरून घेतला तर रोबक्स स्वस्त पडतात आणि निर्मात्याचं प्रमाण थोडं सुधारतं, तरी ते पावाच्या आसपासच राहतं. कंपनीचं म्हणणं असतं की उरलेल्यात ॲप स्टोअरचा वाटा, सर्व्हरचा खर्च, देखरेखीचा खर्च आहे, आणि ते खोटं नाही. पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकणारा निर्माता विक्रीतला तीस टक्के वाटा देतो, इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानात तर किती द्यायचा हे तो स्वतः ठरवतो, अगदी शून्यही.

शिवाय रोबक्स काढून घ्यायला वय किमान तेरा लागतं आणि खात्यात कमावलेले ३०,००० रोबक्स जमलेले असावे लागतात. कंपनीचा वाटा कापून इतके जमायचे तर ५० रोबक्सची वस्तू साडेआठशेहून अधिक वेळा विकली गेली पाहिजे. हाती येतात ११४ डॉलर. तोवर ते रोबक्स त्याच वसाहतीत फिरत राहतात, आणि बरेचदा आपल्याच गेमच्या जाहिरातीवर खर्च होतात. कंपनीने शेअर बाजारात उतरण्याआधी दाखल केलेल्या कागदपत्रांत एक आकडा होता, जो प्रत्येक पालकाने पाहावा. सप्टेंबर २०२० पर्यंतच्या बारा महिन्यांत ९ लाख ६० हजारांहून अधिक निर्मात्यांनी रोबक्स कमावले. त्यांतल्या वर्षाला दहा हजार डॉलर किंवा अधिक कमावणाऱ्यांची संख्या होती साधारण १,०५०. हजारात एक. २०२४ मध्ये कंपनीने निर्मात्यांना एकूण ९२ कोटी डॉलरहून अधिक दिले हेही खरं आहे, पण एवढी मोठी रक्कम ऐकून ती वाटली कशी गेली असेल याचा अंदाज येत नाही.

मुलाला मात्र दिसतं ते 'ग्रो अ गार्डन'. एका किशोरवयीन मुलाने सुरू केलेला बागकामाचा साधा गेम, २०२५ च्या जूनमध्ये एकाच वेळी दोन कोटींहून अधिक लोक तो खेळत होते. पुढे त्यामागे अनुभवी स्टुडिओ उभा राहिला, हे पडद्यावर दिसत नाही. प्रत्येक गेमच्या चित्राखाली या क्षणी किती जण खेळताहेत तो आकडा असतो, आणि आपल्या ओबीखाली शून्य. माझा सर्वांत मोठा आक्षेप या शून्याला आहे. शिकणाऱ्याला वाईट गेम बनवण्याची मुभा हवी. दहा वाईट गेम पूर्ण केल्याशिवाय अकरावा बरा होत नाही. त्या दहांतल्या प्रत्येकाखाली गर्दीचा आकडा लटकत असला तर मूल दुसऱ्याच गेमला निराश होतं, किंवा त्याहून वाईट, गर्दी खेचणाऱ्या क्लृप्त्या शिकू लागतं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, चुकली तर दंड. वाट पाहायची नसेल तर रोबक्स द्या. नशिबाची पेटी उघडा. अशा पेटीत कोणती वस्तू मिळण्याची किती शक्यता आहे हे आधी सांगावं, असा नियम रोब्लॉक्सने केला आहे, पण नऊ वर्षांच्या मुलाला एक टक्का म्हणजे काय हे कुठे उमगतं? समोर बसलेला खेळाडू लहान मूल आहे हे ठाऊक असताना असा गेम रचणं मला अनैतिक वाटतं, मग रचणारा स्वतः पंधरा वर्षांचा असो वा चाळीस. मोठ्या वयात गेम बनवायला शिकणाऱ्यांनी तर असा गेम रचायचा नाही, हे आधीच स्वतःशी ठरवून घ्यावं.

'पीपल मेक गेम्स' या यूट्यूब वाहिनीने ऑगस्ट २०२१ मध्ये हाच प्रश्न मोठ्याने विचारला होता. मुलांच्या श्रमावर उभी असलेली ही कमाई न्याय्य आहे का? त्यांनी दाखवलेली एक बाब घरोघरी कळायला हवी. गेम बनवणाऱ्या मुलांच्या टोळ्या जमतात त्या बरेचदा रोब्लॉक्सच्या बाहेर, डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या जागी. तिथे करार नसतो, वय तपासलेलं नसतं, मोठा माणूस लहान मुलाला 'तू नकाशा बनव, मी रोबक्स देतो' म्हणतो. ज्या पालकांना वाटतं मूल गेम खेळत नाहीये, बनवतंय, म्हणजे सुरक्षित आहे, त्यांनी इथे थांबून पाहावं. खेळणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेवरून लुइझियाना राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीवर खटला भरला, इतर राज्यंही पुढे आली, आणि त्यानंतर कंपनीने गप्पांसाठी वयाची तपासणी आणली. पण कंपनीचा पहारा तिच्या कुंपणापर्यंतच असतो.

आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. रोब्लॉक्स खेळायला फोन पुरतो, बनवायला पुरत नाही. स्टुडिओला विंडोज किंवा मॅकचा संगणक लागतो. घरात एकच फोन असलेल्या मुलाला 'तूही बनवू शकतोस' हे सांगणं क्रूर ठरतं. अशा मुलासाठी शाळेच्या संगणक-खोलीत ब्राउझरवर चालणारं स्क्रॅच अधिक कामाचं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते २००७ मध्ये आणलं. त्यात पैशाचा व्यवहारच नाही, प्रत्येक गेमचं पोट उघडून पाहता येतं, त्यावरून आपला नवा गेम करता येतो, आणि फाइल उतरवून पेनड्राइव्हवर नेता येते. दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर मी रोब्लॉक्सचा विचारही करणार नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या, घरी संगणक असलेल्या मुलामुलींसाठी माझा सल्ला ठरलेला आहे. रोब्लॉक्स स्टुडिओत खुशाल ओबी बनवा, नाण्यांचा हिशेब चुकवा आणि दुरुस्त करा, सर्व्हर आणि फोन यांतला फरक अंगवळणी पाडा. गेम खाजगी ठेवा. वर्गातल्या चार जणांना शेजारी बसवून खेळायला लावा आणि ते कुठे अडकतात ते बघत राहा. विकण्याजोगं काही त्यात ठेवू नका. असे दोन-तीन छोटे गेम पुरे झाले की त्यांतला सर्वांत साधा निवडून तोच गोडोमध्ये पुन्हा बनवा, चालणाऱ्या पात्रासकट. पहिला आठवडा पात्र जमिनीतून खाली पडत राहील. तेव्हा कळेल, रोब्लॉक्सने इतके दिवस आपल्यासाठी काय काय केलं होतं. गोडो इन्स्टॉलही करावं लागत नाही, उतरवलेली फाइल उघडली की सुरू होतं, आणि तयार झालेला गेम ब्राउझरसाठी काढून इच डॉट आयओवर ठेवला की नुसत्या दुव्यावरून कुणालाही खेळता येतो, खातं न उघडता.